फर्नांदच्या वाटेतला पॉप्लर

फर्नांद जानेवारीत गेली, पण तिला मूठमाती द्यायला मे उजाडला. नदीकाठच्या त्या गावात यात कुणाला नवल वाटत नाही. हिवाळ्यात तिथली जमीन अशी गोठते की कुदळ वाकेल, पण ढेकूळ निघणार नाही. म्हणून थंडीत गेलेली माणसं चर्चमागच्या दगडी खोलीत बर्फ वितळण्याची वाट बघतात. फर्नांदचा नवरा रोझेर रोज त्या खोलीवरून जायचा आणि टोपी काढायचा. शेवटी तिचा शनिवार ठरला. आणि शुक्रवारच्या वादळात एक दांडगा पॉप्लर वृक्ष नेमका दफनभूमीच्या वाटेवर आडवा पडला. दोन्ही बाजूंना दलदल. शववाहिका बुंध्यापाशी येऊन थांबली.

"मी कापतो," रोझेर म्हणाला आणि आपल्या गाडीतून चेनसॉ काढून घेऊन आला.

"भावोजी, सूट तरी काढा," फर्नांदचा धाकटा भाऊ अदेलार म्हणाला.

"तुझी ताई म्हणायची, सुटात मी बरा दिसतो. असू दे."

दोरी ओढली, चेनसॉ सुरू झाली. पण पातं लाकडाला लागलं की ती गुरगुरायची, निळा धूर ओकायची आणि मान टाकायची. पुन्हा दोरी, पुन्हा धूर, पुन्हा तेच.

खांदा द्यायला आलेले सगळे जन्माचे लाकूडतोडे. बाकीच्या जगात पुरुषाच्या खिशात कंगवा असतो, इथे छोटा स्क्रूड्रायव्हर असतो. काळ्या कोटांच्या खिशांतून ते भराभर बाहेर आले. कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू कानाने जुळवायचा, ही त्या गावची विद्या. तुझी चेनसॉ बेसूर आहे असं कुणाला म्हणणं म्हणजे त्याच्या पोराला बावळट म्हणण्यासारखं.

"पेट्रोल जास्त पितेय. आवळा!" लिओनेलकाका ओरडले. काका दोन्ही कानांनी ठार बहिरे, पण कानाने स्क्रू जुळवायला सर्वांत पुढे.

"आवळायचं काय, सैल करा!"

"अहो, तो स्क्रू नव्हे, शेजारचा!"

ज्याने त्याने स्क्रू पिळून घेतला. मुळात तो कुठे होता हेही कुणाला आठवेना. धूर पुष्पचक्रांवर जाऊन बसला. फादर तेओ खोकत म्हणाले, "मंडळी, दुपारी मला पलीकडच्या गावात आणखी एक मूठमाती आहे."

"माझी चेनसॉ घ्या ना, भावोजी. गाडीतच आहे," अदेलार म्हणाला. आपापली द्यायला बाकीचेही पुढे झाले.

"नको. तिच्या वाटेला दुसऱ्याची चेनसॉ लागणार नाही."

"मग निदान फिल्टर बघा. चेनसॉचा श्वास कोंडलाय."

"फिल्टर स्वच्छ आहे."

"असा धूर मारतेय आणि—"

"स्वच्छ आहे म्हटलं ना! फर्नांदनं धुतलाय!"

अदेलारने हळूच विचारलं, "कधी?"

"रविवारी."

कुठल्या रविवारी, ते विचारायची गरज नव्हती. दर रविवारी फर्नांद साबणाच्या कोमट पाण्यात नवऱ्याच्या चेनसॉचा एअर फिल्टर धुवायची आणि स्टोव्हवरच्या दोरीला त्याच्या मोज्यांशेजारी वाळत घालायची. "दोघांनाही धूळ खायची फार हौस," म्हणायची. त्या रविवारीही धुतला, वाळवला, बसवला, झाकण आवळलं. सोमवारी कोंबड्यांना दाणे टाकायला गेली ती परत आलीच नाही.

त्यानंतर रोझेरने लाकूड पुष्कळ कापलं, पण तिने लावलेलं ते झाकण त्याला उघडवेना. भुसा साचत गेला, हवा कमी पडू लागली, तसा तो स्क्रू जरा जरा आवळून पेट्रोलही कमी करत गेला. कसंबसं चालत होतं. आपलं आणि चेनसॉचं दोघांचंही असंच चाललंय, असं त्याला वाटायचं. आज मात्र काही केल्या चालेना.

अदेलारने बाहीने डोळे पुसले. "भावोजी, ताईला रस्त्यात ताटकळत ठेवू नका हो."

रोझेर बुंध्यावर बसला. त्याने झाकण काढलं. फिल्टरवर भुशाची भाकरीएवढी जाड साय जमली होती. त्याने फिल्टर बुटाच्या टाचेवर आपटला, फुंकर मारली, आणि सगळा भुसा फादरच्या पांढऱ्या झग्यावर जाऊन बसला.

मग त्याने स्क्रू सैल केला. आता हवा मोकळी झाली होती. पेट्रोल आवळलेलंच ठेवलं असतं तर इंजिन तापून पिस्टन जळाला असता.

"आवळा!" लिओनेलकाका ओरडले.

रोझेरने दोरी ओढली. चेनसॉ किंचाळली. त्याने स्क्रू आणखी केसभर सैल केला, तशी ती जरा अडखळत गुणगुणू लागली, आणि लाकडात शिरताच तिचा आवाज नितळ झाला. बघता बघता बुंध्याचे ओंडके पडले. माणसांनी ते दलदलीत लोटले. वाट मोकळी झाली.

रोझेर मात्र चेनसॉ हातात धरून तसाच उभा राहिला. सकाळपासून चालेना, ती आता त्याला बंद करवेना.

"बंद करा आता, भावोजी."

"तापलंय इंजिन. एकदम बंद करू नये. जरा फिरू दे."

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत, त्यामुळे हरकत घेणार कोण? फादरनी घड्याळ बघायचं सोडून दिलं. मोकळ्या वाटेकडे पाठ करून रोझेर मान खाली घालून ऐकत होता. सकाळच्या खटाटोपात टाकी बहुतेक रिकामी झालीच होती. चेनसॉचा आवाज एकदम चढला, खोकला आणि थांबला.

रोझेरने वर बघितलं.

"अदेलार, पेट्रोल आहे का रे तुझ्याकडे?"

अदेलारच्या गाडीत काठोकाठ भरलेला डबा होता.

"नाही, भावोजी," तो म्हणाला. "संपलं."

रोझेरने मान हलवली, चेनसॉ गवतावर ठेवली आणि शवपेटीची पुढची कडी धरली.