टोपलीखालचं ऑपरेशन

कोणती गोष्ट कोणाला सांगायची आणि कोणापासून लपवायची, हे माझ्याइतकं सुरतेच्या बमरोलीत कोणालाच कळत नाही! निदान त्या रविवारपर्यंत तरी माझा तसा समज होता.

मी सुकलाल. डाईंग मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर ऑपरेटर. वाफेत उभं राहून राहून माणूस बटाट्यासारखा उकडतो, तसा मी उकडलेला. त्यात शुगर. आणि शुगरपायी अशा जागी दुखणं सुरू झालं, की सांगायची सोय नाही आणि सोसायची तर त्याहून नाही. लघवीला जायचं म्हटलं की मी आधी भिंतीला हात टेकायचो आणि कुलदैवताला हाक मारायचो. मशीनवर उभा राहिलो की एक पाय उचलून बगळ्यासारखा.

शेवटी उधन्याच्या डॉक्टरकडे गेलो. गुजराती माणूस, बोलायला गोड. तपासून म्हणाला, "सुकलालभाई, चामडी टाइट थई गई छे. नानुं ऑपरेशन. सुन्नत करवी पडशे."

मी टेबलावरून उडालोच! "डॉक्टरसाहेब, मी हिंदू आहे!"

"हा, पण चामडीने खबर नथी," असं म्हणून तो हात धुवायला गेला.

त्या रात्रपाळीत मशीनमधला कपडा गोल फिरत होता आणि माझं डोकंही. हसू नका. वरून पाहणाऱ्याला ही दोन बोटं कातडीची गोष्ट वाटते. पण ब्याण्णवच्या डिसेंबरातल्या दंगलीत आमच्या शहरात काय झालं, हे सुरतेत राहणाऱ्याला सांगायला नको. माणसाला रस्त्यात अडवून तो कोण आहे हे त्याची लुंगी सोडून ठरवत होते, असं आम्ही दार लावून ऐकलं होतं. त्यानंतर सुन्नत हा शब्दसुद्धा आमच्या खोल्यांच्या लाइनीत कोणी मोठ्याने उच्चारत नसे. त्यात माझ्या उज्ज्वलाचं लग्न ठरलेलं. मुलगा कोसाडचा, त्याचे वडील बन्सीलाल आमच्या अहिराणी बोलणाऱ्या समाजात वजनदार. साखरपुडा झाला होता, तारीख काढायची होती.

बायकोला सांगितलं. शोभाने पोळपाटावरची पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "दुखणं जाईल ना? मग करून टाका. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही बघा."

मी बघितलं! शेजारच्या कलाबाईला सांगितलं, अपेंडिक्स. मिलमध्ये सांगितलं, हर्निया, कारण हर्नियाला सुट्टी लांब मिळते. आणि व्याही बन्सीलालना निरोप धाडला, मुतखडा, कारण मुतखडा हा खानदानी आजार आहे, चांगल्या चांगल्या घरात होतो. तिघांची एकमेकांशी ओळख नाही. काम पक्कं!

ऑपरेशन झालं. घरी आलो. आता खरी अडचण अशी, की त्या जागेला कापडाचा स्पर्श झाला तरी डोळ्यांपुढे काजवे! पांघरूण घ्यावं तर मरण, न घ्यावं तर घरात तरुण मुलगी. शोभाने भाकरीची बांबूची टोपली आणली, माझ्यावर पालथी घातली आणि वरून चादर टाकली. मी पलंगावर पडलो तो असा, की जणू पोटावर महादेवाचं देऊळ बांधायला काढलंय.

रविवारी सगळे एकाच वेळी आले!

कलाबाई ताकाचा तांब्या घेऊन आली, मिलमधले दोघे मोसंबी घेऊन आले, आणि पाठोपाठ पांढरी टोपी सावरत बन्सीलाल.

"अपेंडिक्सला ताक चांगलं," कलाबाई म्हणाली.

"अपेंडिक्स कुठलं? हर्निया आहे सुकलालभाऊंना!" मिलमधला एकजण म्हणाला.

बन्सीलालांनी घसा खाकरला. "आम्हाला तर मुतखडा कळवला होता."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "तिन्ही होते. डॉक्टर म्हणाला, आता फाडलंच आहे तर एकदम काढून टाकू!"

"अरे देवा!" कलाबाईने तोंडावर पदर घेतला. "आणि टाका केवढा आहे, भाऊ?" असं म्हणून ती टोपलीकडे झुकली.

"हात लावू नका!" मी ओरडलो. ओरडलो म्हणजे काय, लाइनीतली कुत्री भुंकायला लागली.

एवढ्यात दारातून आमच्या मिलचे कलरमास्टर आत आले. युनूस मास्टर. सोन्यासारखा माणूस, कापडाचा रंग नुसत्या नजरेने ओळखणारा. त्यांनी मला बघितलं, चादरीचा तंबू बघितला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे सुकलालभाई! ये टोकरी! हमारे भानजे के खतने में बिलकुल ऐसे ही..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला. पण उशीर झाला होता. खतना म्हणजे सुन्नत, हे सगळ्यांना कळत होतं; सगळ्यांच्या नजरा टोपलीवर खिळल्या.

"मतलब... हर्निया में भी लगाते हैं," मास्टर पुटपुटले. "लगाते होंगे."

बन्सीलाल उठले. टोपी नीट केली आणि निघून गेले. कलाबाईसुद्धा निघाली, पण ती गप्प जाण्यातली नव्हती. शोभाचा चहा उकळायच्या आत बातमी लाइनीच्या टोकाला पोहोचली.

संध्याकाळपर्यंत मी मुसलमान झालो होतो. दिवेलागणीला माझं नवीन नाव ठरलं होतं, सलीम. जेवणाच्या वेळेला मला रांदेरच्या मुसलमान मोहल्ल्यात दुसरी बायको मिळाली. मी इकडे कुशीवर वळू शकत नव्हतो आणि तिकडे माझे दोन दोन संसार चालू होते!

दुसऱ्या दिवशी आमच्या समाजाच्या मंडळाचे लोक आले. दाराशी उभं राहूनच एकजण म्हणाला, "सुकलालभाऊ, वाईट मानू नका. समाजाचा प्रश्न आहे. एकदा आरती म्हणून दाखवा."

"शुगर आहे हो मला! डॉक्टरने सांगितलं म्हणून केलं!"

"ते ठीक. पण आरती म्हणा."

म्हटली. टोपली पोटावर, हात जोडलेले. दोन कडवी झाली आणि तिसऱ्यावर अडलो. त्यांची तोंडं गंभीर झाली. मी म्हणालो, "तिसरं तुम्ही सुरू करा, मी मागून म्हणतो." मंडळाने एकमेकांकडे बघितलं. कोणालाच येत नव्हतं! नुसतेच टाळ्या वाजवत गुणगुणले, मोठ्याने देवाचा जयजयकार केला आणि गेले. तरी जाताना एकाने शोभाला हळूच विचारलंच, "वहिनी, घरात मांसमच्छी?"

मला राग येईना. नुसता थकवा आला. दोन पाळ्या सलग केल्यावरही येत नाही असा.

संध्याकाळी युनूस मास्टर आले. आत येईनात. खिडकीपाशी उभे राहिले, इकडे तिकडे बघत.

"सुकलालभाई, मेरी जबान जल जाए."

"मास्टर, आत या ना."

"नहीं. मैं अंदर आऊँगा तो ये लोग कल आप का निकाह पढ़वा देंगे." मग जरासे हसले. "अजीब है ना? हमारे यहाँ जिसका नहीं हुआ उससे पूछते हैं, क्यों नहीं हुआ. आप के यहाँ जिसका हुआ उससे, क्यों हुआ. और अगली बार गड़बड़ हुई तो आप को दोनों तरफवाले मारेंगे."

आम्ही दोघेही हसलो. मला हसताना टाके दुखले. त्यांचं काय दुखलं ते त्यांनी सांगितलं नाही. खिडकीच्या गजातून त्यांनी एक पपई आत ढकलली आणि गेले.

कोसाडहून मात्र काहीच निरोप येईना. उज्ज्वला समोर येऊन बसायची. तिच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती, ती फिरवत राहायची. एकदा मी म्हणालो, "बेटा, माझ्यामुळे..." तर म्हणाली, "पप्पा, तुम्हाला आता लघवीला त्रास होतो?" "नाही," मी म्हणालो. "मग झालं तर," ती म्हणाली आणि आत जाऊन रडली. घरात एकच खोली आणि मोरी. आत म्हणजे मोरीत. सगळं ऐकू येत होतं.

आणि मग एका सकाळी बन्सीलाल स्वतःच आले! मागोमाग निम्मी लाइन. कलाबाई तर पुढच्या रांगेत. बन्सीलालांनी शोभाला आणि उज्ज्वलाला बाहेर पाठवलं, दार लावलं, कडी घातली. मी म्हटलं, संपलं! अंगठी परत मागणार.

ते पलंगाच्या काठावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपलीकडे बोट केलं. मग इतक्या हळू बोलले, की मला कान पुढे करावा लागला.

"भाऊ, भलतं दुखस का?"

समाजात शुद्ध पुस्तकी बोलणारा माणूस, एकदम अहिराणीवर आला!

"आठवडाभर दुखतं. मग आराम."

त्यांनी दाराकडे बघितलं. "माले बी शे."

"काय?"

"शुगर. आणि... तेच. कवयपासून, वरीसभर. सांगू कोणाला?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी बी भिंतीले हात टेकस, भाऊ."

मी त्यांचा हात धरला. दोन व्याही, एक टोपली. आयुष्यात मला इतकं आपलं माणूस कोणी वाटलं नव्हतं. डॉक्टरचं नाव सांगितलं, पत्ता समजावला, पहिल्या लघवीला ओरडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची युक्तीसुद्धा सांगितली.

मग त्यांनी टोपी घातली, कडी काढली आणि बाहेर जाऊन वजनदार आवाजात जाहीर केलं, "लग्न ठरल्याप्रमाणे होणार! मी सगळी खात्री करून घेतली आहे!"

"खात्री? म्हणजे... बघून?" मागून कोणीतरी विचारलं. बन्सीलालांना काय बोललो ते तेव्हा कळलं. पण वजनदार माणसाला शब्द मागे घेता येत नाहीत. कान लाल करून ते तसेच रिक्षात बसले.

पुढच्या महिन्यात ते आमच्याकडे "पाहुणचाराला" म्हणून आठवडाभर राहिले, त्याच टोपलीखाली. कोसाडला मुतखडा सांगून आले होते. आमच्या लाइनीने काय समजायचं ते समजून घेतलं.

लग्न झकास झालं. युनूस मास्टर पहिल्या पंगतीत होते आणि त्यांच्या शेजारी बन्सीलाल, मांडी घालून, आरामात. अक्षता पडल्या. मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा! डोळे पुसत होतो, तेवढ्यात कलाबाई शोभाजवळ सरकली. तिला वाटलं ती कुजबुजली, पण बँड नेमका तेव्हाच थांबला.

"शोभाताई, तुमच्यात आता रीतच पडली म्हणायची. मग जावईबापूंचं कधी करताय?"