साखळीची पिवळी पावलं

गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या बसस्टँडला 'इंटरचेंज' म्हणणारा माणूस जगात एकच, आमचे कारापूरचे शाणूमामा. स्टँड म्हणजे काय, तर चार बसगाड्या, भज्यांचा गाडा आणि पत्र्याच्या सावलीत पसरलेली कुत्री. पण मामा-मामी एकदा मुलीकडे मोठ्या शहरात जाऊन आले, मामांनी तिथली मेट्रो पाहिली, आणि साखळीचं भाग्य उघडलं.

कंडक्टर "पणजे, पणजे, पणजे" ओरडत असतो. शेजारी मामा भारदस्त आवाजात, "निळी लाईन. दरवाजे डावीकडे उघडतील." बसला दरवाजा एकच, तो डावीकडेच, आणि कायमचा उघडा, सुतळीनं बांधलेला. डिचोली म्हणजे लाल लाईन, केरी हिरवी.

"मामा, जांभळी खय जाता?" कंडक्टर विचारी.

"प्रस्तावित आसा," मामा शांतपणे सांगत.

सगळे हसत. सगळ्यांत मोठ्यानं मी. शेजारी असल्यामुळे मला त्यांची नक्कल छान जमे, आणि चहाच्या टपरीवर तिला मागणीही होती.

मग मामांनी गेटाच्या उरलेल्या रंगानं स्टँडच्या तोंडापासून पणजीच्या बशीपर्यंत जमिनीवर पिवळी पावलं काढली. मेट्रोत म्हणे अशीच असतात. पावलांवर पाय ठेवत जायचं, बरोबर गाडी मिळते. दुसऱ्या दिवशी त्यावर कुणी अबोलीची फुलं वाहिली. एका बाईंनी गौरीची पावलं समजून त्यांना लांबून वळसा घातला आणि बस चुकवली. वाहतूक सुधारते ती अशी.

"मामा, तुमचा पाय एवढा लहान कधी झाला?" मी विचारलं. टपरीसाठी मला नवा माल हवा होता.

"माझो न्हय. तुझ्या मामीची चप्पल ठेवन काढलंय."

मग त्यांनीच सांगितलं. त्या शहरात गाडी बदलताना मामा आत चढले, दरवाजा मिटला, मामी बाहेर राहिली. "मी काचेर थाप मारलंय. आमच्या बशीर थांबवक मारतत तशी, दोनदा. गाडी काय थांबली नाय."

पुढच्या स्टेशनवरून परत आले, तेव्हा मामी लाडवांचा डबा छातीशी धरून तिथेच उभी होती. गावी परतल्यापासून ती कुठल्याच गाडीत चढली नाही; बाजारालाही कारापूरहून चालत येई. आता मुलगी बाळंत व्हायची होती आणि आईला बोलवत होती. "साखळी जमली तर मेट्रोय जमतली," मामा म्हणाले.

त्या दिवशी टपरीवर मी नुसता चहा प्यालो.

पुढच्या आठवड्यात मामी आली. मान खाली, एकेका पावलावर पाय. मामा मागे पिशवी घेऊन. ती बशीत चढली, खिडकीशी बसली. आणि मामांना राहवलं नाही. खाली उभं राहूनच त्यांनी सुरू केलं, "निळी लाईन. दरवाजे..."

कंडक्टरनं शिट्टी मारली. बस हलली. खिडकीत मामीचा चेहरा पांढरा पडला. मामांचा हात नुसताच वर राहिला.

मी धावलो आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

बस थांबली.

मामा धापा टाकत चढले. मामीनं त्यांच्या हातातली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"आता कळला मां तुमका," ती म्हणाली, "मागे रवल्यार कसा वाटता ता?"

आणि सरकून त्यांना खिडकीची जागा दिली.