नवव्या रकान्यातले पाच विद्यार्थी

इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकही विद्यार्थी विडी-सिगारेट ओढत नव्हता, आणि या गंभीर त्रुटीची वरिष्ठ कार्यालयाने दखल घेतली.

त्रुटी उघडकीस आणली ती विज्ञानाच्या मनिषाबाईंनीच. तीन वर्षं फळ्यावर फुप्फुसं काढून काढून त्यांनी पोरांना अशी धडकी भरवली होती, की पोरं चुलीपाशीही नाक दाबून बसत. त्यामुळे धूम्रपान प्रतिबंध अहवालातल्या ‘शाळेने व्यसनमुक्त केलेले विद्यार्थी (किमान पाच)’ या नवव्या रकान्यात बाईंनी मोठ्या अभिमानाने लिहिलं : निरंक.

आठवड्यात अहवाल परत आला. ‘निरंक स्वीकारता येत नाही.’

बाईंनी फोन लावला. “अहो, आमच्याकडं कुणी ओढतच नाही.”

“मग सोडलं कुणी?” पलीकडचे लिपिक समजुतीने म्हणाले. “बाई, आधी ओढाय पायजे, मग सोडाय पायजे. क्रम हाय त्याला.”

शाळेच्या दर्जाचा प्रश्न आला तसे मुख्याध्यापक ज्ञानेश सर कामाला लागले. नियमित, आज्ञाधारक, गृहपाठ पूर्ण असलेली पाच मुलं निवडण्यात आली. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं बेकायदा असल्याने विड्यांचा कट्टा सरांनी जातीने आणला. ‘व्यसनाधीन अवस्था’ असा फोटो निघाला. पहिला नंबर काढणारा दिग्विजय सर्वांत पुढे, ओठात न पेटवलेली विडी, डोळे घट्ट मिटलेले.

फोटो परत आला. ‘धूर दिसत नाही.’

सरांनी धूप जाळला. दिग्विजय खोकून खोकून लालबुंद झाला. बाईंना त्याच्याकडे बघवेना, पण सर म्हणाले, “छान! अगदी नैसर्गिक!”

या वेळी अहवाल मंजूर झाला. पाचही जणांचा तालुक्याला सत्कार झाला, प्रमाणपत्रं मिळाली आणि प्रत्येकी पाच वाढीव गुण जाहीर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पालकांची रांग लागली.

“आमचा बी ल्योक कवापासनं वडतोय की, आमाला म्हाईत न्हाय व्हय?” दिग्विजयच्या वर्गातल्या एका मुलाची आई सारजा तावातावाने म्हणाली. “आमच्यावरच अन्याव का?” पोरगं विडी ओढतं, असा कुणी अर्जासोबत सरपंचाचा दाखला आणला होता, कुणी शेजाऱ्यांच्या सह्या.

रांगेत पहिले होते आबासाहेब. त्यांनी आपल्या दहावीतल्या लेकीला, विजयमालेला पुढे ढकललं. “बाई, हिचं नाव घाला. रोज दोन विड्या वडती.”

विजयमाला रडकुंडीला आली. “आबा! मी कवा ओढली?”

“गप. गुणांचा सवाल हाय.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. पुरे झालं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि पोरीला जवळ घेऊन विचारलं, “बाळ, घाबरू नकोस. जे खरं असेल तेच मी लिहीन. धूर जातो का तुझ्या छातीत?”

विजयमालेने डोळे पुसले. एकदा बापाकडे पाहिलं.

“जातो बाई. लहान हाय तवापासनं. रोज जेवणं झाली की आबा वडत बसत्यात, आन मी तितंच अभ्यासाला बसती. आमच्यात खोली एकच हाय.”

आबासाहेबांचा हात नकळत छातीवरच्या खिशावर गेला.

बाईंनी शब्दन् शब्द उतरवून घेतला, खाली सही केली, आणि मान वर करून विचारलं, “बोला, आता पुढचं कोण?”

रांगेतलं कुणीच पुढे येईना.