थोरलीचं वजन

"दोघी एकाच क्षणी फाटकाला लागल्या नाहीत, तर माझी पस्तीस वर्षांची नोकरी पाण्यात गेली समजा!" निवृत्त होऊन आठवडा झालेले वजनकाका गरजले.

वजनकाका रेसकोर्सवर हँडिकॅपर होते. कोणत्या घोड्याच्या पाठीवर किती वजन द्यायचं, ते ठरवायचे. जिंकणाऱ्यावर वाढवायचं, हरणाऱ्याचं उतरवायचं, म्हणजे सगळे एका रेषेत येतात. निदान पुस्तकात तरी येतात! काकांना तसं एकदाही दिसलं नव्हतं.

पण आजच्या शर्यतीमागचं खरं दुखणं वेगळंच होतं. थोरली लेक तीन वर्षांनी आली होती, तीही संध्याकाळच्या गाडीचं तिकीट पर्समध्ये घेऊनच. परक्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती. लहानपणी दोघी बहिणी फाटकापर्यंत पळायच्या आणि खिदळायच्या. आता पळाली तर हसेल, हसली तर चार दिवस राहील, असा काकांचा होरा.

त्यांनी खिशाखिशांचं जाकीट आणलं, नोकरीतल्या शिशाच्या पट्ट्या काढल्या आणि वही उघडली.

"धाकटी, शून्य. थोरली, आठ किलो!"

"आठ, बाबा?"

"तुझा रेकॉर्डच तसा आहे!"

"कधीचा?"

"तू सातवीत होतीस तेव्हाचा!"

आईनं तोंड उघडलं, पण थोरलीनं मानेनंच नको म्हटलं आणि जाकीट घातलं.

शर्यत सुटल्याची खूण म्हणून आईनं नॅपकिन खाली टाकला. धाकटी फाटकाला लागून मैत्रिणीशी फोनवर बोलायलाही लागली, तरी थोरली अजून पाण्याच्या टाकीपाशीच! काकांच्या कपाळाची शीर उडाली. मुद्दाम मागं राहणं, याहून मोठा गुन्हा त्यांच्या धंद्यात नव्हता.

"लगाम खेचतेयस! माझं नाक कापायला! शर्यत रद्द! आणखी दोन किलो!"

एव्हाना इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. शेजारीणबाई वरूनच ओरडल्या, "काका, जाकीट कुठं मिळतं हो? किती दिवसांत बारीक होतं माणूस?"

दुसऱ्या खेपेला थोरली चार पावलं चालली आणि दहा किलो शिशासकट फुलझाडांच्या वाफ्यात बसली. गॅलऱ्यांतून टाळ्या!

"ऊठ! नाटक पुरे!"

"अहो, गुडघा गेलाय तिचा!" आई धावली. "दोन वर्षं झाली. ऑपरेशन सांगितलंय."

"मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?" थोरली वाफ्यातूनच म्हणाली. "खिडकीजवळची खाट धाकटीला, भांडी मला. सहलीला ती, घरी मी. का, तर मी खमकी! बाबा, मी कितीदा तरी हरले. तुम्ही माझं वजन एकदाही उतरवलं नाहीत."

काकांनी वही मिटली. टापांच्या आवाजावरून घोड्याचा कोणता पाय दुखतोय हे ओळखणारा माणूस! सकाळपासून पोटची पोर लंगडत होती आणि ते वहीत बघत होते. फार वाईट वाटलं त्यांना. खाली बसून ते एकेक पट्टी काढू लागले आणि सवयीनं स्वतःच्या खिशांत कोंबू लागले.

उठले तशी दहा किलोंनी पॅंट घसरली! काकांनी एका हातानं पॅंट धरली, दुसऱ्यानं लेकीला. थोरली हसली खरी, पण डोळे पुसत. दारात पोचताच काकांनी लाज राखायला खिसे भराभर हाती लागलेल्या पहिल्याच बॅगेत रिकामे केले.

"चार दिवस राहा ना गं," ते म्हणाले.

"गाडी सहाची आहे, बाबा."

स्टेशनवर बॅग काकांनीच नेली, कुणाला हात लावू दिला नाही. बॅग भलतीच जड लागली. वय झालं आपलं, ते मनात म्हणाले. गाडी गेल्यावर बाकावर बसून त्यांनी वहीतल्या थोरलीपुढचा आकडा खोडला आणि शून्य लिहिलं. वीस वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"बाबा, पोचले. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढले."

"गुडघा कसा आहे?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

"सुजलाय. बॅगेत तुमच्या पट्ट्या निघाल्या. सगळ्या. दहा किलो."

काकांनी कपाळावर हात मारला.

"आता त्या न्यायला तुम्हीच या," थोरली म्हणाली. "आणि बाबा, येताना मेहेरबानी करून रिकाम्या हातानं या!"