तापलेला देव

माणसांना एखाद्या गोष्टीपासून लांब कसं ठेवायचं, हे माझ्यासारख्या बातमीदाराइतकं कुणाला कळत नाही!

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आमच्या शिरूरच्या गल्लीतला शेखलाल परसात काचेचं ओतकाम करायचा. आधी मेणाच्या थाळीवर कमळ कोरायचं, पाकळीपाकळीवर शिरा काढायच्या. त्याभोवती प्लॅस्टरचा साचा. मग मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत सोड्याच्या बाटल्यांची फुटकी काच भरून भट्टीत ठेवायची. या खेपेची थाळी पुण्याच्या प्रदर्शनात मांडायची होती.

"काच वितळली, भाऊ. भट्टी लिंपली. आता आठवडाभर तिची तिला निवू द्यायची. गार वारा लागला तरी थाळी गेली! पर लोक ऐकत्यात व्हय? सकाळीच एकजण वांगी भाजायला घेऊन आला!"

"एवढंच ना?" मी तेलात शेंदूर कालवला आणि भट्टीला फासला. "आता हात लावायची कुणाची छाती आहे!"

दुसऱ्या दिवशी शेखलाल धापा टाकत दारात. "भाऊ, पळा! मी अडवलं तर गल्ली मला काय म्हणंल?"

परसात जत्रा! शेजारच्या भागुबाई भट्टीला लावलेला तळवा झटकत ओरडत होत्या, "अगं बाई, देवाचं आंग तापलंय! निववा त्याला!"

दुष्काळात पाहुण्याला घोटभर पाणी न देणाऱ्या बानूबाईंनी अख्खा हंडा ओतला.

चर्र्र! वाफेचा लोट उठला. आतून आवाज आला, टण्!

"कौल दिला!" भागुबाई किंचाळल्या.

"पाकळी गेली," शेखलाल पुटपुटला.

"देवा, आमच्या संपतचं लगीन जमंल का?" बानूबाईंनी मुलासाठी दुसरा हंडा ओतला. टण्!

"जमलं!"

"दुसरी गेली."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. भट्टीवरचं काही थांबेना! "अहो, थांबा! ही शेखलालची भट्टी आहे!"

"मग शेंदूर कुणी फासला?"

मी हात पाठीमागं लपवले. तेलातला शेंदूर घासूनही निघाला नव्हता. भागुबाईंनी माझं मनगट धरलं, लाल बोटं पाहिली आणि सगळ्यांदेखत वाकून माझ्या पाया पडल्या.

"ह्यास्नीच आधी दृष्टान्त झाला!"

पुढचा हंडा त्यांनी माझ्याच हातात दिला. मी शेखलालकडं पाहिलं.

"ओता, भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "आता निस्ता देठच उरलाय."

संपतचं लग्न खरोखरच जमलं. शेखलालनंही नवी भट्टी घातली म्हणतात. कुठं, ते अख्ख्या शिरूरमध्ये एकट्या बातमीदारालाच ठाऊक नाही!