सूनबाईंची नेमणूक

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा अडकली, माधवीनं वर पाहिलं आणि तिला स्वतःचंच तोंड दिसलं. बारा फुटी बॅनरवर. फोटो लग्नातला, नाकात नथ आणि मुंडावळ्यांच्या वर चिकटवलेली लष्करी टोपी. भोवती शुभेच्छुकांचे चौदा चेहरे, त्यातले नऊ तिच्या ओळखीचेही नव्हते. खाली ठळक अक्षरांत : ‘सूनबाई लेफ्टनंट माधवी यांची पाच वर्षांसाठी काश्मीर सीमेवर नेमणूक. हार्दिक अभिनंदन!’

लष्करी नर्स म्हणून तिची निवड झाली होती, एवढंच त्यात खरं होतं. नेमणुकीचं ठिकाण अजून यायचं होतं. पसंती विचारली तेव्हा तिनं डोळे मिटून मुंबई लिहिलं होतं. भाविक जेमतेम दोन वर्षांचा. सुरुवातीला तो शेलारला सासरीच, आजीपाशी राहणार. मुंबई मिळाली तर सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे पळत तरी येता येईल. बाकी कशाची तिला पर्वा नव्हती.

घरात शिरताच तिनं सासऱ्यांना गाठलं.

“बाबा, तीनदा समजावलं तुम्हाला! पाच वर्षं ही नोकरीची मुदत. एका जागी साधारण दोन-तीन वर्षं, मग बदली. गरज पडली तर सीमेजवळही पाठवतील. पण आत्ता जागा कळलेलीच नाही!”

“तसाच सांगितला मी बॅनरवाल्याला,” रामनाथ शांतपणे म्हणाले. “तो बोलला, चाचा, इतना कौन पढ़ेगा? मंग कमी केला.”

“आणि काश्मीर?”

“कायतरी लिवायला नको? ‘जागा कळली न्हाय’ असा बॅनर तू कवा बघितलास?”

दुपारी खारबावहून माधवीची आई आली ती रडतच. हातातल्या पिशवीत सुके बोंबील. “पाच वर्षं कशी काढशील गो? मला तर दोन बोललीस!” तिला समजावेपर्यंत शेजारणींनी भाविकला मांडीवर घेऊन “बिचारा” म्हणायला सुरुवात केली होती. ‘बिचारा’ बिस्किट खात सगळ्यांकडे कौतुकानं बघत होता.

रविवारी गावानं सत्कार ठेवला. “पाच वर्षं माझी सून या घराचा उंबरा बघनार न्हाय!” रामनाथ माइकवर गरजले. टाळ्या. माधवीनं माइक जवळजवळ हिसकावून घेतला. “असं काही नाही. मला अजून ठिकाणच सांगितलेलं नाही.”

रामनाथांचा मित्र काळूराम पहिल्या रांगेतून उठला. “बघा! लष्कराचा मानूस खरी जागा कवा सांगल काय?”

मग तर टाळ्या थांबेनात. काश्मीरच्या थंडीसाठी अकरा शाली मिळाल्या. त्या सगळ्या, एकावर एक, तिला तिथेच पांघरवण्यात आल्या. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं.

मंगळवारी आदेश आला. मुंबई. माधवीनं भाविकला उचलून दोन गिरक्या घेतल्या. मग लक्षात आलं, घरात कुणीच हसत नाहीये.

“परत अर्ज करता येतो काय?” रामनाथांनी हळूच विचारलं. “जरा वर पाठवा म्हनून?”

“बाबा!”

“अगं, अकरा शाली घेतल्यात,” सासूबाई, गुणाबाई, कळवळून म्हणाल्या. “आता तू आठ दिवसांनी नाक्यावर भाजी घेताना दिसलीस, तर आमी तोंड कुठं लपवायचा? वरीसभर तरी गावात येऊ नको, पोरी.”

माधवी भाविकला घेऊन खालीच बसली. काश्मीर मिळालं असतं तर निदान अंतराला दोष देता आला असता. इथे मधे होता तो फक्त सासऱ्यांचा मान. ती नुसतीच मुलाचे केस सारखे करत राहिली. रामनाथांनी ते पाहिलं आणि उगाचच चष्मा पुसायला घेतला.

तिच्या पहिल्या सुट्टीच्या सकाळी मुंबईतल्या क्वार्टरची बेल वाजली. दारात रामनाथ, कडेवर भाविक. पुढच्या सुट्टीला पुन्हा. गावात त्यांनी जमिनीची केस मुंबईत लागल्याचं सांगून टाकलं होतं.

चौथ्या खेपेला काळूरामनं त्यांना रस्त्यातच धरलं.

“रामनाथशेठ, तारखेला नातवाला कशाला नेता?”

“वारस हाय तो. हजर लागतो.”

“अरे देवा! आनि किती वर्षं चालनार ही केस?”

“येका जागी दोन-तीन,” रामनाथ म्हणाले. “मंग बदली.”