सकाळचं पाणी वरच्यांना

मास्तरांनी डोक्याला साबण चोळला आणि नळानं घरघर करून मान टाकली.

"अगं, पाणी गेलं!"

"गेलं नाही, वर गेलं," दाराबाहेरून बायको म्हणाली. "कोर्टाचा माणूस आलाय. त्यानं आत्ताच तळमजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला."

बायको वकील. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तळमजल्याची बिऱ्हाडं वर्षानुवर्षं एकटीच संपवायची. वरचे बादल्या घेऊन जिने चढायचे. शेवटी वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी तिच्याकडे आल्या आणि तिनं अख्ख्या तळमजल्यावर दावा ठोकला. स्वतःचा नवराही त्यातून सुटला नाही. निकाल लागला: सकाळचं पाणी वरच्यांना, संध्याकाळचं खालच्यांना.

"अगं, पण डोळे चुरचुरतायत!"

"साबणाला स्थगिती मिळत नाही. बादली भरून ठेवा म्हटलं होतं ना काल?"

टॉवेल गुंडाळून, एक डोळा मिटून मास्तर शेजारच्या सेक्रेटरींकडे गेले. ते दात घासता घासता अडकले होते. तोंडभर फेस, त्यामुळे बोलता येईना. पण नजरेनंच त्यांनी मास्तरांचा उद्धार केला. मास्तरांनी मुकाट्यानं जिना धरला.

वर मावशी उघड्या नळाखाली नुसताच हात धरून उभ्या होत्या.

"मावशी, एक बादली..."

"तुम्ही प्रतिवादी ना?"

"हो. पण वकीलबाईंचा नवरा."

"मग असं सांगा की! या आत. काय बोलल्या हो बाई कोर्टात! 'पाणी वरच्यांच्या दारावरून खाली जातं, मग वाटेत ते त्यांना परकं कसं होतं?' समोरचे वकील घटाघटा पाणीच प्यायला लागले!"

मास्तरांना ठाऊक होतं. ते तेव्हा प्रतिवादींच्या बाकावर बसले होते आणि टाळी वाजवायला उठलेले हात त्यांनी कसेबसे मांडीखाली दाबले होते.

आंघोळ करून ते खाली आले, तर तळमजला त्यांच्याच दारात जमलेला. सेक्रेटरींनी एव्हाना तोंड पुसलं होतं.

"मास्तर, आपण अपील करू. तगडा वकील आहे कुणी ओळखीत?"

"एक आहे," टॉवेल सावरत मास्तर ऐटीत म्हणाले. "पण ती तुम्हाला मिळायची नाही."

सेक्रेटरींचा आवाज एकदम खाली आला. "निदान विचारून तर बघा, आमच्या बाजूनं जिंकता येईल का."

"नाही येणार," आतून बायकोच म्हणाली. "तुमच्या बाजूनंही मांडून पाहिलंय मी. तरी तुम्हीच हरता."

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. "आणि हे फी न घेता सांगितलं!"